मामा तलावातला मामा कोण?

मागच्या आठवड्यात एक शेतकरी नोटीस घेऊन माझ्याकडे आले. चेहरा उतरलेला. म्हणाले, "भाऊ, माह्या जमिनीत फेरफार झाला म्हनते. कोनं केली ही गडबड?" गडबड काही नव्हती. वडील वारले, वारस म्हणून तिघा भावांची नावं चढली, त्याच नोंदीला महसूल खात्यात फेरफार म्हणतात. पण आपल्या बोलण्यात फेरफार म्हणजे लबाडी. त्या एका शब्दापायी माणूस चार रात्री झोपला नव्हता.

तेव्हापासून हे शब्द डोक्यात घोळतायत. अर्ज, हरकत, वारस, मयत, तारीख, जामीन, वकील हे सगळे मूळचे अरबी. फिर्याद फारसी. तहसील आणि महसूल तर एकाच अरबी धातूची भावंडं, अर्थ वसुलीचा. अलीकडे तलाठ्याचं पदनाम बदलून 'ग्राम महसूल अधिकारी' केलं, तरी अरबी शब्द जागचा हलला नाही. (आपल्याकडची म्हातारी माणसं अजून पटवारीच म्हणतात, ते वेगळं.)

असं का झालं? दक्षिणेत सुलतानांची राज्यं आली, दफ्तर फारसीत गेलं. राज्य करणाऱ्याची भाषा आधी कागदात शिरते, मग कागदातून घरात. शिवाजी महाराजांनी हे नेमकं ओळखलं होतं. राज्याभिषेकानंतर रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली राज्यव्यवहारकोश तयार झाला, त्यात चौदाशेच्या आसपास फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत, पेशव्याचा मुख्य प्रधान. आणि पुढच्या शतकात मराठी राज्य ओळखलं गेलं ते कोणाच्या नावानं? पेशव्यांच्या!

गंमत म्हणजे ज्या इंग्रजांनी नंतर आपल्यावर राज्य केलं, त्यांचंही हेच झालं होतं. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंड जिंकलं. पुढे तिथल्या कोर्टाची भाषा फ्रेंच झाली आणि नोंदी लॅटिनमध्ये. सामान्य शेतकऱ्याला आपल्याच खटल्यात काय चाललंय ते कळेना. १३६२ मध्ये कायदा करावा लागला की कोर्टात बोलणं इंग्रजीत करा, कारण लोकांना फ्रेंच समजत नाही. तो कायदाही फ्रेंचमध्येच लिहिला होता! कोर्ट, जज, ज्युरी, अपील, वॉरंट, पार्लमेंट हे त्या काळातले फ्रेंच शब्द. जुना अस्सल इंग्रजी शेरीफ मात्र टिकला, आणि पुढे मुंबईलाही शेरीफ मिळाला. म्हणजे आपला माणूस 'कोर्टात वकील लावला' म्हणतो तेव्हा फ्रेंच घरात अरबी माणूस उभा करतो.

आता आपल्या जिल्ह्याकडे या. गोंडांचं राज्य गेलं, नागपूरकर भोसले आले. १८५३ साली तिसरे रघुजी वारले, दत्तक नामंजूर झाला आणि राज्य इंग्रजांनी गिळलं. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला. पुढे बंदोबस्तात गावचा वसूल भरणाऱ्या मालगुजाराला इंग्रजांनी गावाचा मालकच करून टाकलं. शब्दाचा अर्थ बघा: माल म्हणजे सारा, गुजार म्हणजे भरणारा. भरणारा मालक झाला, शब्द तोच राहिला. गावातले तलावही त्याच्या नावावर गेले. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी संपली, १९५१ मध्ये तलाव सरकारजमा झाले, आणि कागदावर आले 'माजी मालगुजारी तलाव'. त्याचंच हे मामा तलाव. माझ्या मुलीला वाटायचं, कुण्या मामानं खोदले असतील. बऱ्याच मोठ्यांनाही तसंच वाटतं. खरं तर या भागातले कितीतरी तलाव बांधले कोहळी समाजानं, नाव मात्र लागलं सारा भरणाऱ्याचं. पाण्याचे शब्द, पाळ, तुडुम, बांध, हे आपल्या मातीतले राहिले. हक्काचे शब्द दफ्तरातून आले.

आणि खरा घोळ इथंच आहे. तलावाचं पाणी कोणी घ्यायचं, जनावरं कुठं चारायची, सरपण, बांबू कुठून आणायचा, हे मध्य प्रांतात 'निस्तारपत्रक' आणि 'वाजिब-उल-अर्ज' या कागदांत लिहिलं जायचं. निस्तार शब्द संस्कृतातला, म्हणजे पार पडणं, निभावणं. वाजिब-उल-अर्ज अरबी. गावसभेत विचारून पाहा, किती जणांना माहीत आहे? २००६ च्या वनहक्क कायद्यात, कलम ३ मध्ये, सामूहिक हक्क सांगताना 'निस्तार' हा शब्द इंग्रजी मजकुरातही तसाच ठेवलाय. दिल्लीत केलेल्या कायद्यात आपल्याकडचा शब्द आहे, आणि आपल्याच गावात दावा भरताना कोणी त्याचं नाव काढत नाही.

राज्य झाल्यावर मराठीकरण झालं, १९६४ चा राजभाषा अधिनियम आला. चांगलं झालं. पण जुने न कळणारे फारसी शब्द काढून 'विवक्षित', 'उपरोक्त', 'अधिसूचना' आणले, त्यानं माझ्याकडे आलेल्या त्या भाऊंची कोणती सोय झाली? माझं मत विचाराल तर शब्द कुठूनही येवो. नोटिशीखाली दोन ओळी साध्या बोलीत छापायला काय हरकत आहे? (हरकतही अरबीच!)

त्या भाऊंच्या नोटिशीत हरकतीची मुदत दोन दिवस उरली होती. हरकत घ्यायचीच नव्हती म्हणून निभावलं.

आपल्या गावचं निस्तारपत्रक किंवा वाजिब-उल-अर्ज कुणाच्या पेटीत असेल तर फोटो काढून ठेवा. अभिलेख कक्षात नक्कल मागताना हीच दोन नावं अर्जात लिहा. आणि आपला जिल्हा १९९९ साली भंडाऱ्यातून वेगळा झाला, त्यामुळे गोंदियात नाही मिळालं तर भंडाऱ्यातही विचारा.