वंदना कटारियाच्या दारातले फटाके

खेळाचा इतिहास लिहिणारे सामने आणि गोल मोजतात. वंदना कटारियाचा हिशेब तेवढ्याने पुरा होत नाही. हरिद्वारजवळच्या रोशनाबादेत, एका दलित घरात, १९९२ साली ती जन्मली. २०१३ च्या ज्युनिअर विश्वचषकात भारतीय मुलींनी कांस्यपदक मिळवले, तेव्हा संघात सर्वाधिक गोल तिचे होते. मे २०२१ मध्ये वडील वारले. ती बंगळुरूच्या सराव शिबिरात होती. अंत्यदर्शनही घडले नाही. ३१ जुलैला टोकियो ऑलिंपिकमध्ये दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तिने तीन गोल केले. ऑलिंपिकमध्ये हॅट्ट्रिक करणारी ती पहिली भारतीय स्त्री. त्या दिवशी ती साऱ्या देशाची लेक ठरली.

चारच दिवसांनी, ४ ऑगस्टला, उपांत्य सामन्यात अर्जेंटिनाने भारताला २-१ असे हरवले. हरला सगळा संघ. फटाके मात्र वाजले वंदनाच्या दारात! संघात दलित फार झाले म्हणून हरलो, असे म्हणत जातिवाचक शिव्या दिल्या गेल्याची तक्रार घरच्यांनी पोलिसांत केली. अटकाही झाल्या. विजय राष्ट्राचा आणि पराभव तेवढा जातीचा, ही कोणती वाटणी? हॅट्ट्रिकच्या शेजारी हे फटाकेही इतिहासात नोंदले पाहिजेत.

६ ऑगस्टला कांस्यपदकासाठी ती ब्रिटनविरुद्ध पुन्हा उतरली. गोल केला, संघ ४-३ असा हरला. आम्ही देशासाठी खेळतो, जातीवरून बोलणे थांबावे, एवढेच ती नंतर म्हणाली. २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. एप्रिल २०२५ मध्ये ती निवृत्त झाली, तेव्हा तिच्या नावावर ३२० आंतरराष्ट्रीय सामने आणि १५८ गोल होते.