मर्डॉक हटले, ग्लेझर टिकले

क्लबच्या मालकाविरुद्धचे आंदोलन गर्दीच्या आकारावर तोलण्याची सवय जुनी आहे. मँचेस्टर युनायटेडचा इतिहास मात्र असे सुचवतो की प्रश्न गर्दीचा नसून मालकाची मान कोणाच्या हातात आहे याचा आहे. सप्टेंबर 1998 मध्ये रूपर्ट मर्डॉक यांच्या बीस्कायबी या वाहिनीने या फुटबॉल क्लबसाठी सुमारे 62 कोटी पौंडांची बोली लावली आणि संचालक मंडळ राजीही झाले. चाहत्यांनी घोषणा दिल्या, पण खरे काम कागदावर झाले. क्लब शेअर बाजारात होता, म्हणून त्यांनी छोट्या भागधारकांची संघटना बांधली. प्रकरण मक्तेदारी आयोगापुढे गेल्यावर, सामन्यांचे हक्क विकत घेणारी वाहिनीच क्लबची मालक झाली तर स्पर्धेचे काय होईल, हे त्यांनी मुद्देसूद मांडले. एप्रिल 1999 मध्ये सरकारने व्यवहार रोखला. निष्ठा आणि परंपरा यांचा निकाल आयोग देत नाही. स्पर्धेचा देतो, हे या मंडळींनी ओळखले होते.

2005 मध्ये ग्लेझर कुटुंब क्लब विकत घ्यायला आले, तेव्हा आंदोलनातली माणसे बरीचशी तीच होती, संतापही तेवढाच. पण या कुटुंबाची ब्रिटनमध्ये वाहिनी नव्हती, त्यामुळे आयोगाचा दरवाजा बंद. दोन आयरिश गुंतवणूकदारांनी आपले जवळपास 29 टक्के शेअर ग्लेझरांना विकले आणि खेळ संपला. खरेदीच्या कर्जाचा मोठा बोजा क्लबवरच पडला. 2010 मध्ये निषेध म्हणून स्टेडियम हिरव्या-सोनेरी मफलरांनी भरून गेले. ते रंग क्लबचे नाव न्यूटन हीथ होते त्या काळातले. दृश्य देखणे होते खरे, पण मफलर घातलेल्यांनी तिकिटाचे पैसे आधीच मोजले होते. त्याच वर्षी जानेवारीत ग्लेझरांनी 50 कोटी पौंडांचे रोखे विकून जुने बँक कर्ज फेडले. आता धनको विखुरलेले. मोर्चा न्यायचा तरी कोणाच्या दारात?

लिव्हरपूलचे तेव्हाचे मालक हिक्स आणि जिलेट यांचे कर्ज मात्र मुख्यतः एकाच बँकेचे, रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडचे होते, आणि 2008 च्या आर्थिक पडझडीनंतर ती बँक बहुतांशी सरकारच्या मालकीची झाली होती. चाहत्यांनी तिच्यावर आणि नवे कर्ज देऊ शकणाऱ्या संस्थांवर पत्रांचा मारा केला. ऑक्टोबर 2010 मध्ये कोर्टाच्या निकालानंतर क्लब 30 कोटी पौंडांना विकला गेला. यावर कोणी म्हणेल, हे बँकेने आणि न्यायाधीशाने केले, चाहत्यांनी नव्हे. आक्षेप बराचसा खरा आहे. मुदत संपत आलेले कर्ज नसते तर पत्रे वाया गेली असती. पण कर्ज कधी फेडायचे आहे हे पाहूनच दाब वाढवणे, यालाच तर नियोजन म्हणतात. बहिष्काराने आपल्याच संघाचे नुकसान होते, हा दुसरा आक्षेप. फेब्रुवारी 2016 मध्ये 77 पौंडांच्या तिकिटाविरुद्ध हजारो लिव्हरपूल चाहते 77व्या मिनिटाला उठून गेले. 2-0 ची आघाडी 2-2 झाली. दोन गुण गेले, पण काही दिवसांत दरवाढ मागे घेतली गेली. मालक मात्र तेच राहिले, कारण मागणी दरापुरतीच होती.

मे 2021 मध्ये युनायटेडच्या चाहत्यांनी ग्लेझरांविरुद्ध मैदानात घुसून लिव्हरपूलविरुद्धचा सामना पुढे ढकलायला लावला. 2024 मध्ये जिम रॅटक्लिफ यांनी चौथाईहून थोडा अधिक हिस्सा घेतला, तरीही बहुमत ग्लेझरांकडेच राहिले.