आवृत्ती कोणती?

चाकूरचा एखादा विद्यार्थी सीसीएनए या नेटवर्किंगच्या परीक्षेचा अभ्यास जुन्या पुस्तकावरून करतो. ‘शो आयपी रूट’ ही आज्ञा दिली की राउटरला थेट जोडलेल्या प्रत्येक नेटवर्कपुढे ‘सी’ हे अक्षर येते, असे पुस्तकात छापलेले असते. यंत्रावर मात्र ‘एल’ अक्षराची आणखी एक ओळ दिसते. चूक कोणाची? कोणाचीच नाही. पुस्तक आयओएस या राउटरच्या प्रणालीच्या १२.४ आवृत्तीचे आहे, यंत्रावर १५ वी आवृत्ती आहे. राउटरच्या स्वतःच्या पत्त्याची ही ओळ नव्या आवृत्तीत आली.

हा पेच संगणकाहून जुना आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये पूर्ण झाली. पुढे नकला वाढल्या, तसे पाठभेदही वाढले. पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पाठ शोधून शुद्ध प्रत सिद्ध केली. शेवटी त्यांनी वर्ष, स्वतःचे नाव आणि शुद्धीचे कारण नोंदवले. वाचकाला आपल्या हाती कोणता पाठ आहे हे कळायला एवढे पुरे होते.

संगणकाच्या जगातही ‘आवृत्ती’ पुस्तकाच्या वाटेनेच आली. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत युनिक्स प्रणाली घडत होती. तिच्या माहितीपुस्तिकेची पहिली आवृत्ती नोव्हेंबर १९७१ मध्ये निघाली. पुस्तिकेच्या आवृत्तीवरूनच प्रणाली ओळखली जाई. १९७९ ची ‘सातवी आवृत्ती’ प्रसिद्धच आहे.

आता १२.४(१५)टी१ हे नाव वाचू. १२.४ ही मुख्य आवृत्ती, कंसातील १५ हा तिच्यातील प्रकाशनाचा क्रमांक, ‘टी’ ही नव्या सोयींची शाखा आणि शेवटचा १ म्हणजे दोष काढून केलेली फेरबांधणी. आपल्या ओळखीच्या भाषेत, सुधारित आवृत्ती आणि तिचे दुरुस्त पुनर्मुद्रण. क्रमांकांत खंड पडू शकतो: १२.४ नंतर २००९ मध्ये थेट १५.० आली.

परीक्षेलाही आवृत्ती असते. २००-३०१ या परीक्षेचा १.० अभ्यासक्रम २४ फेब्रुवारी २०२० पासून होता, १.१ हा २० ऑगस्ट २०२४ पासून लागू झाला.

वर्गात एक प्रयोग करता येईल. पॅकेट ट्रेसरमध्ये १८४१ आणि २९११ हे राउटर घ्यावेत, दोन्हींवर ‘शो व्हर्जन’ द्यावे, पत्ते देऊन ‘शो आयपी रूट’ची उत्तरे ताडावीत. पुस्तक खोटे ठरवण्यापूर्वी त्याची आवृत्ती पाहावी, ही सवय विद्यार्थ्याला तिथेच लागेल.