‘मंकीपॅच’ची कुळी : गनीम की माकड?

वेब अ‍ॅप्लिकेशनची चाचणी घेताना एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे प्रोग्राम सुरू होताना डेटाबेसच्या पत्त्यासारखी जी माहिती बाहेरून नाव आणि मूल्य अशा जोडीने त्याच्या हाती दिली जाते ती, तात्पुरती बदलावी लागते. ही सोय युनिक्सच्या १९७९ मधील सातव्या आवृत्तीबरोबर रुळली. कुळकथेचे खरे नवल मात्र, पायथॉनच्या ‘पायटेस्ट’ या चाचणी-साधनात हा बदल ज्याच्या करवी होतो, त्या ‘मंकीपॅच’ या नावात आहे.

पॅच म्हणजे ठिगळ. मूळ संहितेला हात न लावता, प्रोग्राम चालू असतानाच त्याची वागणूक बदलणारे. झोप या पायथॉनमधील वेब-प्रणालीच्या प्रोग्रामरांत अशा ठिगळाला आधी ‘गरिला पॅच’ म्हणत, असे सांगितले जाते. ‘गरिला’ हा स्पॅनिश शब्द, मूळ अर्थ ‘छोटे युद्ध’. नेपोलियनविरुद्धच्या १८०८ ते १८१४ च्या लढ्यातून तो इंग्रजीत आला आणि मराठीने त्याच्यासाठी ‘गनिमी कावा’ योजला. इंग्रजी उच्चारात हा शब्द आणि गोरिला वानराचे नाव जवळजवळ एकच असल्याने कानाने गनिमाचा वानर केला, आणि पुढे त्या धिप्पाड वानराची भीती कमी करण्यासाठी माकड आले.

दुसरा पक्ष म्हणतो की इंग्रजीत उगीच खुडबूड करण्याला माकडचाळ्यांचीच उपमा आहे, तेव्हा एवढा वळसा कशाला? हा पक्ष सोपा आहे, पण त्यात गोरिलाच्या मधल्या पायरीला जागाच उरत नाही. शब्द रुळल्यावर त्याला सरळ अर्थ चिकटवण्याची लोकव्युत्पत्तीची खोड पाहता, तो मागाहून सुचलेला असणार.

वस्तूची चालही गनिमाचीच आहे. ‘मंकीपॅच’चे ‘सेटएन्व्ह’ व्हेरिएबलचे मूल्य बदलते आणि चाचणी उत्तीर्ण होवो वा फसो, ती संपताच जुने मूल्य परत ठेवते, किंवा ते व्हेरिएबल मुळात नसेल तर पुसून टाकते: छापा घालून माग न ठेवता माघार. अ‍ॅप्लिकेशनने मॉड्यूल लोड होतानाच मूल्य वाचून स्वतःच्या सेटिंग्जमध्ये उतरवले असेल, तर मात्र हा छापा उशिरा पडतो आणि व्हेरिएबलऐवजी त्या सेटिंग्जलाच ठिगळ लावावे लागते.