वारसा आणि घेवड्याचे दाणे

मूल कोणावर गेलं, याची चर्चा बारशालाच सुरू होते. नाक आजोबांचं घेतलं, तापटपणा आत्याकडून आला. बापाची जमीन फेरफार होऊन मुलाच्या नावावर चढावी, तसंच हे बोलणं. शिक्षकांच्या खोलीतही एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘याचा बापही गणितात असाच होता!’

हा घोटाळा केवळ आपल्या भाषेचा नाही. इंग्रजीतला ‘हेरिडिटी’ हा शब्दही मुळात वारसाहक्काचाच. एकोणिसाव्या शतकात तो जीवशास्त्रात रुळला आणि येताना मालमत्तेची कल्पना बरोबर घेऊन आला. १८६८ साली डार्विनने मांडलं, की शरीराचा प्रत्येक भाग सूक्ष्म कण सोडतो आणि ते प्रजननपेशींत गोळा होतात. या तर्काने लोहाराच्या दंडाची कमाईही मुलाच्या खात्यावर जमा व्हायला हवी!

हा हिशेब मुळातून तपासला तो डेन्मार्कच्या विल्हेल्म योहानसेनने. त्याचा जन्म १८५७ सालचा, कोपनहेगनचा. विद्यापीठाचा खर्च घरी परवडणारा नव्हता, म्हणून त्याने औषधविक्रेत्याकडे उमेदवारी केली. पुढे कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत शिरला आणि विद्यापीठाची पदवी नसताना प्राध्यापक झाला. त्याच्या प्रयोगाचं साहित्य होतं घेवड्याचे दाणे, आपल्या राजम्याच्या जातीचे. या झाडात स्वपरागण होतं. त्यामुळे एका दाण्यापासून निघालेली सगळी संतती आनुवंशिकदृष्ट्या जवळजवळ एकसारखी असते. अशा संततीला त्याने ‘शुद्ध वंशरेषा’ म्हटलं आणि अशा १९ रेषा तयार केल्या. सर्वांत जड रेषेच्या दाण्याचं सरासरी वजन सुमारे ६४ सेंटिग्रॅम होतं, सर्वांत हलक्या रेषेचं सुमारे ३५.

मिश्र बियाण्यातून जड दाणे निवडून पेरले, तर पुढचं पीक थोडं जड येतं. हे शेतकऱ्याला ठाऊकच असतं. योहानसेनने एकाच रेषेतले सर्वांत जड आणि सर्वांत हलके दाणे वेगवेगळे पेरले. सहा पिढ्या हे चाललं. दोन्हींच्या संततीचं सरासरी वजन जवळजवळ सारखंच राहिलं! शेंगेतल्या जागेमुळे, ओलाव्यामुळे, खतामुळे एखादा दाणा टपोरा झाला होता, पण तो टपोरेपणा पुढे गेला नाही. म्हणजे जड रेषेतला किरकोळ दाणा आणि हलक्या रेषेतला टपोरा दाणा तराजूत सारखे भरले, तरी त्यांची पिकं वेगळी येणार. नुसत्या वजनावरून दाण्याचा वंश कळत नाही.

या कामावरचा पहिला निबंध १९०३ साली प्रसिद्ध झाला. १९०९ साली योहानसेनने ‘जीन’ हा शब्द रूढ केला आणि दोन गोष्टी वेगळ्या केल्या: दिसतं ते फीनोटाइप आणि मुळात असतं ते जीनोटाइप. (गंमत म्हणजे ‘जीन’ हा शब्द ‘पॅनजीन’चा लचका आहे आणि पॅनजीनचा पूर्वज डार्विनच्या त्या चुकलेल्या सिद्धान्ताचं नाव, ‘पॅनजेनेसिस’!) १९११ च्या लेखात त्याने स्पष्टच लिहिलं, की पैसा, वस्तू, हक्क एकाकडून दुसऱ्याकडे जातात त्या व्यवहारातून हा शब्द आपण उसना घेतला आहे आणि जीवशास्त्रात तो दिशाभूल करतो. आईबापांचे गुण मुलाला मिळत नाहीत. दोन प्रजननपेशींतल्या जनुकांपासून आणि भोवतालापासून मूल नव्याने घडतं.

सगळंच त्याला बरोबर कळलं होतं असं नाही. जनुकं गुणसूत्रांवर बसलेली असतात, हे मानायला तो फार काळ राजी नव्हता. शुद्ध रेषेतही अधूनमधून उत्परिवर्तनं होतात, हेही आज माहीत आहे.

आता आपल्या खोलीतल्या त्या बापलेकांकडे पाहू. जमीन, कर्ज, पुस्तकाविना घर, शाळेपासूनचं अंतर हा वारसा खरोखरच हातातून हातात जातो. बापाचे गणितातले गुण हे दाण्याच्या वजनासारखे आहेत. त्यात किती वाटा कशाचा, हे नुसतं साम्य पाहून सांगता येत नाही. माणसांत शुद्ध रेषा नसतात आणि कोणाला निरनिराळ्या मातीत पेरून पाहताही येत नाही.

तरीही साम्य पाहूनच निकाल दिले गेले. योहानसेन १९२७ साली वारला आणि १९२९ साली त्याच्याच देशात काही माणसांच्या नसबंदीला मुभा देणारा कायदा झाला. मतिमंद ठरवून संस्थांत ठेवलेली माणसं त्याच्या कक्षेत होती. त्यांची संतती त्यांच्यासारखीच निघेल, ही त्यामागची एक धारणा होती.