अंगावरचा डाग

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काही लिहा, असा मंडळाच्या कार्यवाह भगिनींचा निरोप आला, तेव्हा विषय शोधण्यासाठी मला दूर जावे लागले नाही. आरोग्य खात्यात परिचारिका म्हणून माझे सारे आयुष्य गेले. निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, तरी हळदीकुंकवाला गेले की एखादी आई मला बाजूला घेते आणि पदर तोंडाशी धरून विचारते, "बाई, पोरीच्या गालावर पांढरं आलंय. कोड तर नसंल न्हवं?" ताप आला, हात मोडला, तर कोणी असे कुजबुजत नाही. अंगावरच्या डागाबद्दल मात्र आवाज खाली येतो. हा आवाज खाली का येतो, आणि तो तसा येण्याचे आता काही कारण उरले आहे काय, हे या लेखात सांगण्याचा विचार आहे.

या भीतीचा पहिला धागा शब्दांतच सापडतो. आपल्या जुन्या वैद्यकग्रंथांत 'कुष्ठ' हा शब्द एका रोगाचा नव्हे. चरकसंहितेत कुष्ठाचे अठरा प्रकार सांगितले आहेत. त्यांत दद्रु म्हणजे आपला नायटा आहे, विचर्चिका म्हणजे इसबासारखा विकार आहे. अंगावर पांढरे डाग पडणे, ज्याला आपण कोड म्हणतो, त्याला तेथे 'श्वित्र' असे निराळे नाव आहे. पुढे लोकांच्या बोलण्यात कुष्ठ हा शब्द महारोगालाच चिकटला. रक्तपिती म्हटले काय, महारोग म्हटले काय, धाक तोच. आणि श्वित्राला कोणी 'श्वेतकुष्ठ' म्हणू लागले, तेव्हा ज्या रोगाने ना बोट झडते ना दुसऱ्याला लागण होते, त्या बिचाऱ्या कोडावरही महारोगाची छाया पडली. त्यात 'मागच्या जन्मीचे पाप' ही समजूत मिळाली, आणि दुखणे अंगावरचे राहिले नाही, घराण्यावरचे झाले.

महारोग्याला गावाबाहेर ठेवावे, ही रीत आपल्याकडे होती तशी जगभर होती. मुंबईत रस्तोरस्ती फिरणाऱ्या निराधार रोग्यांसाठी १८९० साली माटुंग्याला एक आश्रम निघाला. तो उभारण्यात पुढाकार घेणारे म्युनिसिपल कमिशनर म्हणजे हॅरी अॅक्वर्थ. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह मराठी पोवाड्यांचा संग्रह १८९१ साली प्रसिद्ध करणारे अॅक्वर्थ ते हेच. पुढे त्या रुग्णालयाला त्यांचेच नाव मिळाले. आपल्या भागात मिरजेला डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली रुग्णालय उभे केले, आणि पुढे त्याच गावी कुष्ठरुग्णांसाठी रिचर्डसन रुग्णालय झाले. कोल्हापुरात शेंडा पार्कातील कुष्ठधाम जुन्या माणसांना चांगले ठाऊक आहे. या संस्थांनी टाकलेल्या माणसांना छप्पर दिले, हे उपकार मोठे आहेत. परंतु त्या वेळचा कायदा पाहिला तर अंगावर काटा येतो. १८९८ च्या कायद्याने निराधार कुष्ठरोग्याला पकडून आश्रमात डांबता येत असे. सरकारने ठरवून दिलेल्या क्षेत्रात त्याने खाण्याचे पदार्थ विकू नयेत, ठरावीक विहिरीतळ्यांवर पाणी भरू नये, अशी बंदी घालता येत असे. हा कायदा केंद्र सरकारने रद्द केला तो २०१६ साली. म्हणजे तो शंभराहून अधिक वर्षे पुस्तकात राहिला.

नवल असे की, हा कायदा होण्याच्या पंचवीस वर्षे आधी, १८७३ साली, नॉर्वेतील डॉ. हॅन्सन यांनी या रोगाचा जंतू शोधून काढला होता. पाप नव्हे, शाप नव्हे, रक्तातला दोषही नव्हे. क्षयाच्या जंतूच्याच कुळातला एक अतिशय मंद वाढणारा जंतू. पण जंतू सापडला तरी औषध नव्हते. त्या काळी चालमोगऱ्याचे तेल वापरीत. त्याच जातीचे, कडू कवठ नावाचे झाड आपल्या सह्याद्रीत होते, आणि त्याच्या बियांचे तेलही या कामी लावीत. या तेलाची इंजेक्शने फार दुखत आणि गुण बेताचाच येई. खरे औषध आले ते १९४० नंतरच्या दशकात. सल्फोन वर्गातील औषधांनी प्रथमच रोग हटू लागला, आणि डॅप्सोनची स्वस्त गोळी पुढे खेड्यापाड्यांत पोहोचली.

औषध हाती येण्याच्या आधीपासून महाराष्ट्रातील काही माणसांनी जे धाडस केले, ते सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठधाम काढले. संस्कृतचे विद्वान परचुरेशास्त्री या रोगाने पीडित होऊन १९३९ साली सेवाग्रामला आले, तेव्हा गांधीजींनी त्यांना जवळ कुटी बांधून दिली, आणि स्वतःच्या हातांनी ते त्यांचे अंग चोळून देत. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली अमरावतीला 'तपोवन' उभे केले. बाबा आमट्यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि १९५१ साली वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर आनंदवनाचा संसार मांडला. बाबांचे नाव सर्वांच्या तोंडी आहे. पण दोन लहान मुले घेऊन विंचूसापांच्या त्या माळावर चूल पेटविणाऱ्या साधनाताईंचे नाव आपण भगिनींनी अधिक आठवावे. नवऱ्याने मोठे व्रत घ्यावे आणि ते रोजच्या भाकरीसकट पार पाडावे बायकोने, हे त्यांनी केले.

वर्ध्यालाच १९५१ साली गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान निघाले. तेथील डॉ. वार्डेकर यांनी कामाची पद्धतच उलटी केली. रोग्याने आश्रमात येण्याची वाट पाहायची नाही. कार्यकर्त्याने घरोघर जाऊन डाग शोधायचा, लोकांना समजावायचे आणि औषध त्याच्या दारात द्यायचे. सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार, ही ती त्रिसूत्री. १९५५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तिचाच अवलंब झाला, आणि माझ्यासारख्या शेकडो नोकरदार बायका पायाला भिंगरी लावून गावोगाव हिंडल्या त्या त्याच वाटेने. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने तीन औषधे एकत्र देण्याची शिफारस केली. भारतात १९८३ पासून ती आली. आता सहा महिने किंवा बारा महिने गोळ्या घेतल्या की कुष्ठरोग बरा होतो. उपचार सुरू होताच थोड्याच दिवसांत रोगी दुसऱ्याला लागण देईनासा होतो. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. त्यांतील एका गोळीने कातडी काही काळ काळवंडते. बायका तेवढ्यासाठी गोळ्या सोडतात, हे मी पुष्कळ पाहिले आहे. तो रंग उपचार संपल्यावर काही महिन्यांत उतरतो. गोळी मात्र सोडू नये.

डिसेंबर २००५ मध्ये दर दहा हजारांत एकाहून कमी रोगी, एवढ्यावर देश आला. त्याचा अर्थ रोग गेला असा पुष्कळांनी घेतला. तो गेलेला नाही. जगातील नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही आपल्या देशात सापडतात.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावासा वाटला, ती सांगते. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात जोडीदाराचा असाध्य कुष्ठरोग हे काडीमोडाचे एक कारण म्हणून लिहिलेले होते. त्या काळी कदाचित ते समजण्याजोगे असेल. पण रोग बरा होऊ लागल्यावरही कलम तसेच राहिले. ते निघाले २०१९ साली. हिंदू विवाह कायद्यासह पाच कायद्यांतून कुष्ठरोगाचा उल्लेख एकदम काढून टाकण्यात आला. कायदा सुटला, पण घराघरांत जे न लिहिलेले कलम आहे, त्याचे काय? आमच्या परिचयातील एका मुलीच्या मनगटावर कोडाचा रुपयाएवढा डाग होता. मुलगी शिकलेली, कामाला वाघीण. सुपारी फुटली होती. नवऱ्याकडच्या मंडळींनी हात पाहिला आणि चार दिवसांनी निरोप आला, "आमच्यात चालत नाही." त्या मुलीला कोणताही लागणारा रोग नव्हता. तिच्या लहान बहिणीचीही स्थळे पुढे वर्षभर अडली. मुलाच्या अंगावर असाच डाग असता तर बोलणे एवढे ताणले गेले असते काय, याचा विचार ज्याने त्याने करावा.

म्हणून कोड म्हणजे काय ते स्पष्ट सांगते. कातडीला रंग देणाऱ्या पेशी असतात. शरीराची रोगाशी लढणारी शक्ती चुकून त्याच पेशींवर उलटते, आणि तेवढा भाग दुधासारखा पांढरा होतो. शिवल्याने, एका ताटात जेवल्याने, संसार केल्याने ते लागत नाही. दूध आणि मासे एकत्र खाल्ल्यानेही ते होत नाही. आईबापांना असले तर मुलांना होण्याचा संभव थोडा वाढतो, पण बहुतेकांना होत नाही. बावचीच्या बिया लावून उन्हात बसण्याचा जुना उपाय आहे. त्याच जातीच्या द्रव्यावरून पुढे औषधे निघाली. तरी बावची घरच्या घरी लावू नये, फोड येतात. आज डॉक्टरांच्या देखरेखीखाली मलमे आणि विशिष्ट किरणांचे उपचार मिळतात, आणि पुष्कळांना गुण येतो. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'नितळ' हा २००६ सालचा मराठी चित्रपट कोड असलेल्या डॉक्टर मुलीवरच आहे. मंडळात तो एकदा दाखवावा, अशी माझी सूचना आहे.

राहिले रोजचे, घराघरातले त्रास. प्रत्येक डाग निराळा ओळखता आला तर निम्मी भीती जाते.

लहान मुलांच्या गालावर फिकट, किंचित कोरडे चट्टे येतात. त्याला बायका जंत म्हणतात. बहुधा ती नुसती कोरडी त्वचा असते. खोबरेल लावावे, हळूहळू जातात. छातीपाठीवर घामाच्या दिवसांत बारीक कोंडा असलेले फिकट ठिपके येतात ती शिबे. साध्या औषधाने जातात, मात्र रंग भरून यायला काही महिने लागतात.

कडेने लाल, मध्ये मोकळा, खाजणारा गोल चट्टा म्हणजे नायटा किंवा गजकर्ण. हा बुरशीचा रोग. अलीकडे तो हट्टी झाला आहे, आणि त्याचे एक मोठे कारण आपणच दुकानातून मागून आणलेली मलमे. त्यांत स्टेरॉइड असते. खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र आत माजते. तीच मलमे काही मुली गोरे दिसण्यासाठी तोंडाला लावतात. मग तोंड लाल होते, केस उगवतात, आणि मलम सोडले की आग होते. अशी मलमे चिठ्ठीवाचून घेऊ नयेत आणि शेजारणीलाही देऊ नयेत. ओले कपडे अंगावर वाळवू नयेत. भातलावणीत पायाच्या बोटांत चिखल्या होतात, तेव्हा पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसणे हाच पहिला उपाय.

रात्री वाढणारी खाज, बोटांच्या बेचक्यांत आणि कमरेला पुरळ, घरात एकाला झाले की दुसऱ्याला, ही खरूज. डोळ्यांना न दिसणारा किडा कातडीत बीळ करतो. डॉक्टरांनी दिलेले औषध घरातील सर्वांनी एकाच दिवशी, मानेखाली सर्वांगाला लावावे, रात्रभर ठेवावे आणि आठवड्याने पुन्हा करावे. कपडे, चादरी, पांघरुणे गरम पाण्यात धुऊन उन्हात घालावीत. घरातला एक जण सुटला की सारे पुन्हा पहिल्यापासून. नागीण उठली तर गेरू फासून तोंड आणि शेपूट जुळायची वाट पाहू नये. जुन्या कांजिण्यांचाच विषाणू तो. पहिल्या तीन दिवसांत औषध सुरू झाले तर मागची ठणक कमी राहते.

आणि जो डाग ना खाजतो ना दुखतो, फिकट किंवा तांबूस असतो, तो मात्र तपासावा. डोळे मिटायला सांगून कापसाचा बारीक धागा डागावर हलकेच फिरवावा. कळले नाही, किंवा तेथे घाम येत नसेल, तर कोणाला न लपविता दवाखान्यात जावे. लवकर गेलेल्याची बोटे वाकत नाहीत. उशीर होतो तो लपविण्यामुळे, आणि लपविणे होते ते आपल्या कुजबुजीमुळे.

२५ जून हा जगभर कोडाविषयी जागृतीचा दिवस पाळतात. दुसऱ्या दिवशी, २६ जूनला, राजर्षी शाहू महाराजांची जयंती असते. कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेल्या त्या राजाने माणसामाणसांतली शिवाशिव मोडण्यासाठी राज्य पणाला लावले. त्या दोन दिवसांत मंडळाने त्वचातपासणीचे शिबिर भरवावे, ग्रामीण रुग्णालयातील डॉक्टरांना बोलवावे, आणि मुलामुलींची लग्ने जुळविताना अंगावरच्या कोडाला नकाराचे कारण करणार नाही, असा ठराव सभासद भगिनींनी सहीनिशी करावा. पहिली सही करायला मी येते.