मोटारीतील वातानुकूलन कॉम्प्रेसर व पट्ट्यातील बिघाड

मोटारीच्या वातानुकूलन यंत्रणेतील कॉम्प्रेसर इंजिनाच्या क्रँकशाफ्टवरून पट्ट्याने चालवला जातो. त्याची पुली इंजिन चालू असेपर्यंत सतत फिरते. आतील यंत्रणा मात्र विद्युतचुंबकीय क्लच जोडला गेल्यावरच फिरू लागते. जुन्या मोटारींतील निदान बहुतांशी याच फरकावर आधारलेले असते. एसी बंद असतानाही घरघर ऐकू येत असल्यास पुलीच्या बेअरिंगचा संशय घेतला जातो. क्लच जोडताच ठोके सुरू झाल्यास कॉम्प्रेसरच्या आतील झीज संभवते.

पट्ट्याच्या कर्कश आवाजावरून कॉम्प्रेसर बदलण्याची घाई महागात पडते. फिरत्या पट्ट्यावर दुरून थोडे पाणी फवारल्यास आवाज वाढला, तर पट्टा सैल असतो. क्षणभर थांबला, तर पुली बहुधा एका रेषेत नसतात.

क्लच वरचेवर जुळत-सुटत असेल, तर बहुधा शीतक वायू कमी झालेला असतो. गळती न शोधता वायू पुन्हा भरणे निरर्थक ठरते. शिवाय आर-१३४ए हा हरितगृह वायू आहे. रायगड जिल्ह्यातील काशीदसारख्या किनारी गावांत खाऱ्या हवेमुळे कंडेन्सरचे क्षरण होते व क्लचची तबकडी गंजते. त्यामुळे तेथे तपासणी कंडेन्सरपासून सुरू करणे सोयीचे असते.

काही मोटारींत पाण्याचा पंप व अल्टरनेटरही याच पट्ट्यावर चालतात. अशा मोटारीत पुलीचे बेअरिंग जाम होऊन पट्टा तुटल्यास इंजिन तापते. गाडी तत्काळ थांबवावी लागते.